दोन रुपयांचे बेबी मशीन

गेल्या महिन्यात नालासोपाऱ्याला आईच्या घरी रंगकाम काढले. पोटमाळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेतून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वस्तू निघाली. काळी, लोखंडी, जेमतेम वीतभर उंच. एका बाजूला चाक, चाकाला लाकडी मूठ, खाली टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू. लहान मुलांचे शिवणाचे मशीन! भंगारवाला दारातच उभा होता. त्याने ते हातावर तोलले आणि म्हणाला, "लोहा है, किलो के भाव में जाएगा." धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, देऊ नकोस त्याला. जुन्या वस्तूंचे शौकीन याचे चांगले पैसे देतात. फोटो काढून ठेवतो मी."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "ते विकायचं नाही. ते विकत घेतलेलं आहे."

भाऊ हसला. विकत घेतलेली वस्तू विकायची नाही, हा कुठला हिशेब? मी बी.कॉम. झालेली, दिवसभर कचेरीत जमाखर्चच लिहिते. पण मलाही तो कळला नाही. रात्री जेवणे झाल्यावर आईने सगळे सांगितले. ते आपल्या माताभगिनींपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी त्या मशीनविषयी. त्यावर सिंगर कंपनीचे नाव आहे. सिंगरने हे छोटे मशीन १९१० साली अमेरिकेत बाजारात आणले. त्याचा नंबर २०. जर्मनीत तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच अशी खेळणी बनत होती. बर्लिनच्या म्युलर आणि गेव्हेल्सबर्ग गावच्या कासिगे या कारखान्यांची मशीने जगभर गेली. पत्र्याचे अंग, त्यावर फुले, परीकथेतली चित्रे. ही खेळणी विकण्यामागे मोठा धूर्त विचार होता. मुलगी लहानपणी ज्या कंपनीचे मशीन फिरवील, लग्नानंतर त्याच कंपनीचे मोठे मशीन घेईल. शिवाय मुलीच्या जातीने शिवण-टिपण शिकावे, हा तिकडच्या आईबापांचाही हट्ट होताच. पुरुषाचे राज्य काही फक्त आपल्याकडेच होते असे नाही.

सिंगरची मोठी मशीने आपल्या देशात १८७० च्या दशकापासून येऊ लागली. नसरवानजी मेरवानजी पटेल नावाच्या पारशी गृहस्थांनी कंपनीचा इथला धंदा वाढवला. मशीन हप्त्याने मिळे, म्हणून शिंप्याच्या दुकानात आणि पुढे मध्यमवर्गीय घरांत ते पोचले. देशी मशीन, म्हणजे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगचे 'उषा', १९३० च्या दशकात आले. आपल्या चाळींतून मात्र त्या काळी मशीन असलेली खोली शोधावी लागे.

हे खेळण्यातले मशीन दिसायला खेळणे असले, तरी खरीखुरी शिवण घालते. फरक इतकाच की मोठ्या मशीनला दोन दोरे लागतात, एक वरचा रिळाचा आणि एक खालचा बॉबिनचा. दोन्ही कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात, म्हणून शिवण उसवत नाही. या छोट्याला बॉबिनच नाही. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि वर निघताना दोऱ्याचा एक फास खाली सोडते. खालचा आकडा तो फास धरून ठेवतो. कापड पुढे सरकते, सुई पुन्हा खाली उतरते ती त्या फासातून. असे फासात फास अडकत साखळी होते. वरून पाहिले तर सरळ टीप, उलटून पाहिले तर वेणी. तांदळाच्या किंवा सिमेंटच्या गोणीचे तोंड असेच शिवलेले असते. बरोबर टोक सापडले की एका हिसक्यात अख्खी गोणी उघडते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. या मशीनचेही तेच. शेवटी दोरा शेवटच्या फासातून ओढून गाठ मारली नाही, तर सगळे शिवण सरसर निघून येते.

आता आईची गोष्ट. आईचा जन्म १९४८ चा, नायगावच्या बीडीडी चाळीत. आमचे आजोबा चिपळूणकडचे, गिरणीत होते आणि समता सैनिक दलात होते. आजी जवळच्या दादर पारशी कॉलनीत एका घरी धुणीभांडी करी. १९५४ साली त्या घरच्या मुलीचे लग्न ठरले आणि घरातल्या जुन्या सामानाची आवराआवर सुरू झाली. त्यात हे बेबी मशीन निघाले. शेठाणी मनाने चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या पोरीला घेऊन जा." आजीने पदराखाली झाकून ते घरी आणले. आई तेव्हा सहा वर्षांची. तिने मूठ एकदा फिरवली, सुई वरखाली झाली, आणि ती जागची हलेना.

संध्याकाळी आजोबा पाळीवरून आले. मशीन पाहून त्यांनी एवढेच विचारले, "कुणी दिलं?" आजीने सांगितले. आजोबा म्हणाले, "उद्या परत करून ये. कुणाचं उतरलेलं या घरात येणार नाही."

आजच्या मुलामुलींना हा माणूस कठोर वाटेल. मलाही क्षणभर वाटला. पण 'उतरलेले' या शब्दात आपल्या माणसांचा केवढा इतिहास आहे! गावकीच्या कामाबदल्यात शिळी भाकर, उतरलेले धडुते, मढ्यावरचे कापड. हीच आपल्या पूर्वजांची मजुरी होती. आणि हे केवळ रूढीने चालले होते असेही नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ते लिहून ठेवले आहे. सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे? उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचा कोंडा आणि घरातले जुने सामानसुमान. चांडाळाने तर प्रेतावरची वस्त्रे नेसावीत. त्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले. त्याच परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना वेगळे बोलावून सांगितले, की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि गळ्याहातांतले ते जड दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. बायांनी लगेच लुगडी घोट्यापर्यंत सोडून नेसली. आजोबांची पिढी त्या भाषणांवर वाढलेली. त्यांना त्या वीतभर मशीनमध्ये खेळणे दिसले नाही, मनूचे 'जुने सामानसुमान' दिसले.

पण इकडे पोर मशीनला मिठी मारून झोपली होती.

आजीला अक्षरओळख नव्हती. तरी तिने जो मार्ग काढला तो भल्या भल्या पदवीधराला सुचला नसता. दुसऱ्या दिवशी ती शेठाणींना म्हणाली, "बाय, मशीन फुकटचं नको. माझ्या पगारातून पैसे कापा." शेठाणींना ते विचित्र वाटले. त्या नको नको म्हणाल्या. आजी म्हणाली, "मग मशीन पण नको." शेवटी दोन रुपये ठरले. महिनाअखेरीस पगारातून दोन रुपये कमी आले आणि आजीने ते कमी आलेले पैसे आजोबांपुढे मोजून ठेवले. आजोबा काही बोलले नाहीत. रविवारी त्यांनी स्वतः मशीनला तेल घातले.

म्हणून आई म्हणते, ते विकत घेतलेले आहे.

चाळीच्या खोलीत टेबल कुठले? एकशेसाठ चौरस फुटांत सात माणसे. आजी जेवणाच्या पाटाच्या कडेला मशीन आवळी, एका हाताने कापड सरकवी आणि मूठ फिरवायला आईला बसवी. जाड कापड त्याला झेपत नसे. झबली, टोपरी, उशीचे अभ्रे, दळणाच्या पिशव्या एवढेच.

१९५६ च्या डिसेंबरात त्या मशीनला उसंत मिळाली नाही. ६ तारखेला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखावर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. पुढेही ठिकठिकाणी दीक्षेचे कार्यक्रम होत राहिले. मोठ्यांनी कशीबशी पांढरी लुगडी, पांढरे सदरे मिळवले. तान्ह्या पोरांचे काय? चाळीतल्या बायका पांढऱ्या कापडाचे तुकडे घेऊन आमच्या खोलीत येऊ लागल्या. किती झबली शिवली ते आईला आठवत नाही. एक मात्र पक्के आठवते. तिच्या धाकट्या भावाच्या झबल्याला शेवटची गाठ मारायचे काम तिच्याकडे होते आणि ती विसरली. दीक्षेच्या कार्यक्रमात, ऐन त्रिशरणाच्या वेळी, मामाने दोऱ्याचे टोक धरून ओढले आणि बाही गळून हातात आली! आजी रडत होती, सगळेच रडत होते, त्यात तिला हसू फुटले. आई म्हणते, बाबासाहेब गेल्यानंतर आजी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

या मशीनविषयी वाचताना एक जुना वाद आठवला. गांधीजी यंत्रांच्या विरोधात होते, पण १९२४ साली त्यांनी एका यंत्राला सूट दिली होती, ती सिंगरच्या शिवणयंत्राला. बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी त्या माणसाने ते बनवले, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात याच्या उलट बाजू मांडली. यंत्र माणसाला पशूसारख्या कष्टातून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय ज्ञान नाही, संस्कृती नाही. यंत्राचा लाभ सर्वांना होत नसेल, तर यंत्राला दोष न देता समाजाची रचना बदला. मला बाबासाहेबांचे म्हणणे आमच्याच घराच्या हिशेबात दिसते. आम्ही चाळ सोडून नालासोपाऱ्याला आलो, बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा आईने जुने पायमशीन घेतले. ब्लाऊज, परकर, फॉल-बिडिंग. विरार लोकलने जाणाऱ्या बायका सकाळी साडी टाकून जात आणि रात्री घेऊन जात. माझी कॉलेजची फी त्यातून भरली गेली. आईची वही अजून आहे. डाव्या पानावर गिऱ्हाईक, उजव्या पानावर रक्कम, आणि वर्षातून दोनदा लाल शाईत 'कॉलेज'. तिने वाचवलेली फुरसत तिला नाही मिळाली, मला मिळाली, हेही लिहिले पाहिजे.

आणि तरी माझे शिवणाच्या मशीनशी एक भांडण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात जयंतीच्या एका कार्यक्रमात दहावी पास झालेल्यांचा सत्कार होता. संस्थेचे नाव लिहीत नाही, माणसे आपलीच होती. मुलांना संगणकाच्या कोर्सची फी आणि मुलींना शिलाई मशीन! एका मुलीला तर व्यासपीठावरच्या सगळ्या मुलांपेक्षा जास्त गुण होते. मी उभी राहून विचारले, हा भेद का? उत्तर मिळाले, "ताई, पोरीच्या जातीला घरबसल्या चार पैसे मिळतात." घरी येऊन मी तावातावाने बोलत होते. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मशीनला शिव्या देऊ नकोस. देणाऱ्याला विचार, पोराला का नाही दिलं?"

ती मुलगी अकरावीला गेली. मशीन तिच्या आईने ठेवून घेतले. सगळ्याच मुलींचे असे होत नाही. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातल्या गाळ्यांत नगावर शिवण करणाऱ्या कितीतरी बायका दहावी-बारावी झालेल्या आहेत. शिवण त्यांना येते. दर ठरवणे त्यांच्या हातात नाही. सरकारची १७ सप्टेंबर २०२३ ची विश्वकर्मा योजना आहे. त्यातल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी बनवणेही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. गरज आणि पात्रता असेल त्या भगिनीने ते हक्काने घ्यावे, आपल्याच कराचा पैसा आहे. पण तिच्या भाषेत कुटुंबाचा परंपरागत धंदा आणि गुरुशिष्य परंपरा हे शब्द येतात, ते वाचून माझ्या मनात पाल चुकचुकते. बापाचा धंदा मुलाने करावा याचेच नाव आपल्याकडे जात होते.

तर ते बेबी मशीन मी पुसून, तेल घालून रविवारी विहारातल्या बालसंस्कार वर्गात नेले. मुले तुटून पडली. त्यांनी बाजारातली बॅटरीवरची प्लास्टिकची मशीने पाहिली होती. लोखंडाचे, हाताने फिरणारे कुणी पाहिले नव्हते. (एक सूचना: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय खूण सक्तीची आहे, ती पाहूनच घ्यावे. आणि सुई असलेले कोणतेही खेळणे मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये.) मुली पुढे बसल्या, मुलगे मागे सरकले. एक दहा वर्षांचा पठ्ठ्या म्हणाला, "हे पोरींचं आहे."

मी त्याला विचारले, भिक्खूकडे कोणत्या आठ वस्तू असतात? तीन चीवरे, पात्र, कमरपट्टा, वस्तरा, पाणी गाळायचे फडके, हे मुलांना येत होते. आठवी वस्तू कुणालाच आठवेना. आठवी सुई! चीवर अखंड कापडाचे नसते, तुकडे कापून जोडलेले असते. विनयपिटकातल्या महावग्गात त्याची कथा आहे. मगध देशातली बांध घातलेली, चौकोनी चौकोनी शेते दाखवून भगवंतांनी आनंदाला विचारले, असे चीवर बनवता येईल का? आनंदाने तसे बनवून दाखवले आणि भगवंतांनी त्याच्या बुद्धीचे कौतुक केले. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर अनुरुद्धाचे चीवर शिवायला सगळा संघ बसल्याचे वर्णन आहे. एका टोकाला महाकाश्यप, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद, भिक्खू सूत काततात, आणि सुईत दोरा ओवून देतात ते स्वतः तथागत.

ज्या सोपाऱ्यात आपण राहतो, जिथल्या स्तूपातून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी भिक्षापात्राचे अवशेष असलेला करंडक बाहेर काढला, त्या भूमीवरच्या मुलाने सुईला पोरींचे काम म्हणावे? हे मी त्याला रागावून नाही, हसतच विचारले. पठ्ठ्या पुढे आला आणि त्याने मूठ धरली.

आईला मुद्दाम बोलावले होते. पंचशील ध्वजाच्या पट्ट्या तिने घरून कापून आणल्या होत्या. निळी, पिवळी, लाल, पांढरी, केशरी आणि सहावी पाचही रंगांची. जोडणीचे काम तसे नाजूक. मुले मूठ भराभरा फिरवायची, टीप वाकडी जायची, आई उसवायची. उसवणे तर या मशीनचे सोपेच. माझी भाची म्हणाली, "आजी, हे चुकलं तरी काही बिघडत नाही, म्हणून मला आवडलं." दोन तासांत पाच पट्ट्या जोडून झाल्या, प्रत्येक शिवणीच्या शेवटी आईने मुलांकडून गाठ मारून घेतली. सहावी पट्टी घेतली आणि सुई मोडली.

ती एकच सुई होती. या मशीनला आखूड सुई लागते, मोठ्या मशीनची चालत नाही. भावाने दादरच्या दोन-तीन दुकानांत विचारले, दुकानदारांनी मोडकी सुई उलटसुलट पाहून परत दिली. वसई-विरारमध्ये किंवा मुंबईत कुणा वाचक बंधुभगिनीच्या घरी जुन्या शिवणाच्या डब्यात अशी आखूड सुई पडून असेल, तर कृपया रविवारी सकाळी वर्गाच्या वेळी विहारात घेऊन यावी. आईने बजावून सांगितले आहे, फुकट घेणार नाही.